पोरगं कसं आहे, असं कुणी विचारलं तर

सिअॅटल
२ मार्च २००८

हिरुत,

बेकुरे मास्तरांनी कागदाच्या डोक्यावर ‘परमप्रिय सुकन्येस’ असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. दीड महिन्यात आईला आठ ओळी लिहिणारी कसली सुकन्या? मास्तरांनी तुझं पत्र माझ्या कानाशी ओरडून वाचलं. मी म्हटलं, ‘पुढे?’ तर म्हणाले, ‘पुढे सही.’

फोनवर मला ऐकू येत नाही हे तुला ठाऊक आहे. तुझा भाऊ गिर्मा माझ्या कानाला फोन लावून देतो, आत गिरणी चालल्यासारखं घरघरतं आणि मी नुसती ‘बरं, बरं’ म्हणत बसते. मागच्या खेपेला म्हणे तू माझ्या गुडघ्याचं विचारलंस आणि मी म्हणाले, ‘त्यालाही माझा आशीर्वाद सांग.’ तेव्हा पत्रच बरं. मास्तर आमच्याच मजल्यावर राहतात, गावाकडे, अदिस अबाबापलीकडे देस्सेला तीस वर्षं शाळा चालवली, आणि माझ्याकडच्या कॉफीवर माझी कारकुनी करतात. ते सगळं वाचतात म्हणून तू हात आखडतेस हे मला कळतं. पण त्यांनी छातीवर क्रूस काढून शपथ घेतली आहे की इथलं इथेच राहील. (आत्ता पुन्हा काढला.)

तुझं ते ध्यान कसं आहे? कान अजून तसेच, कढईच्या कड्यांसारखे? असाच राहो माझा बिरुक: कुरूप, शेंबडा, कुणाच्या डोळ्यांत न भरणारा. चार वर्षांचा झाला, आता लोकांचं लक्ष जाऊ लागेल. नजर लागू नये म्हणून बांधलेली गळ्यातली चामड्याची पुडी काढू नकोस. तिकडच्या बायका ‘किती गोड, किती गोड’ असं तोंडावर बोलतात. जीभ चावत नाहीत की थुंकत नाहीत. कुणी गोड म्हटलं की त्याच क्षणी तू वाईट बोल. तुझ्या लग्नापर्यंत तुझ्याबद्दल मी एक चांगला शब्द उच्चारला नाही. म्हणून तर आज एवढी धडधाकट आहेस, आईला न लिहिण्याइतकी.

कॉफीच्या निखाऱ्यावर त्यानं तळहात टेकवला असं लिहिलंस. लगेच डॉक्टरकडे नेलंस हे बरं केलंस. आता निखारा म्हणजे काय ते जन्मभर विसरणार नाही.

उद्यापासून मोठा उपास. मास्तरांना विचारलं, पंचावन्न दिवस दुधाशिवाय राहाल का? म्हणाले, ‘दुधाशिवाय राहीन, तुमच्या बोलण्याशिवाय कसा राहू?’ हे त्यांनी स्वतःहून लिहिलं आहे. मी सांगितलेलं नाही.

तुझी आई


ओहायो
१२ मार्च

आई,

आम्ही सगळे मजेत. एन्दाले ट्रक घेऊन टेक्सासकडे गेलेत, दहा दिवसांनी येतील.

गेल्या आठवड्यात एक बाई घरी येऊन गेल्या. शाळेनं बिरुकचा हात पाहून कुठेसं कळवलं होतं, त्यासाठी. मिसेस ड्रुरी त्यांचं नाव. दाराशी आलेल्या माणसाला उभं ठेवायचं नाही, ही तुझी शिकवण. आत घेतलं, बसवलं, कॉफीच्या बिया भाजल्या, जमिनीवर गवताच्या काड्या अंथरल्या, सगळं रीतसर. पण त्यांनी पहिल्याच कपाचे दोन घोट घेतले आणि घड्याळ पाहिलं. तिसरा कप झाल्याशिवाय उठायचं नसतं हे त्यांना कुणी सांगणार? मी निखाऱ्यांची शेगडी दाखवली, बिरुक कुठे बसला होता ते दाखवलं. त्यांनी फोटो घेतले. फ्रिज उघडून पाहिला. उपासाचे दिवस, त्यात त्याचं दूध नेमकं त्याच सकाळी संपलेलं, तेव्हा आत होतं काय, इंजेराच्या भाकऱ्या आणि मसूर! मला जरा लाजच वाटली.

‘काय डोळे आहेत याचे!’ असं त्या म्हणाल्या. तू जे बोलली असतीस तेच मी बोलले.

जाताना त्यांना एका कागदावर सही हवी होती. एवढ्या लांबून आलेली बाई, नाही कसं म्हणायचं? दिली.

बिरुक थोडे दिवस फानोसकडे आहे. माझी चर्चमधली मैत्रीण ती, तुला सांगितलं होतं. तिच्या मुलीला सोबत होते.

काळजी करू नकोस. मास्तरांना नमस्कार.

हिरुत


सिअॅटल
१९ मार्च

हिरुत,

तुझं पत्र वाचून झाल्यावर मास्तरांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता. तेव्हाच मी समजले.

पोरी, मला अक्षर येत नाही, पण माणूस वाचता येतो. पाहुणा फ्रिज उघडत नाही. फ्रिज उघडते सासू, नाहीतर पोलीस. आणि तुझी सासू तर तिकडे मायदेशी, गोंदरला आहे.

फानोसच्या मुलीला सोबत हवी म्हणून चार वर्षांचं पोर तू घराबाहेर ठेवलंस? तू? शाळेत सोडायला गेलीस तर दाराच्या फटीतून अर्धा तास बघत उभी राहणारी तू? खोटं बोलायला मीच शिकवलं तुला, पण नीट शिकली नाहीस. खोट्यात इतकी कारणं देत नाहीत.

मास्तर इथे नऊ वर्षं शाळेच्या बसमध्ये मुलांवर लक्ष ठेवायच्या कामाला होते. ते सांगतात, त्यांनाही दर वर्षी एका खोलीत बसवून शिकवायचे: मुलाच्या अंगावर खूण दिसली की वरती कळवायचं, न कळवणाऱ्याची नोकरी जाते. तेव्हा शाळेतल्या बाईवर मी चिडत नाही. पण मास्तर असंही म्हणतात, की कळवल्यावर जी बाई घरी येते ती कॉफीला येत नाही. ती लिहायला येते.

मी विचारलं, ‘काय लिहायला?’

‘सगळं,’ म्हणाले.

आता मला सांग, कागदावर काय होतं? वाचलास? मी आयुष्यात तीनदा अंगठा दिला, आणि तिन्ही वेळा दोन वेगवेगळ्या माणसांकडून कागद वाचून घेतला, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत अशी माणसं निवडून. आणि तू बारावी झालेली, ‘एवढ्या लांबून आलेली बाई’ म्हणून सही करतेस!

तू पोराबद्दल वाईट बोललीस ते चांगलं केलंस. निदान तेवढं तरी माझं ऐकलंस.

बाकीचं खरं लिही. मास्तर घसा खाकरून बसले आहेत. मला पुन्हा असं पत्र ऐकवू नकोस.

आई


ओहायो
२८ मार्च

आई,

तेच चुकलं. वाईट बोलले तेच.

खरं लिहिते. मिसेस ड्रुरी बालसंरक्षणाच्या सरकारी खात्यातल्या. आईनं मुद्दाम पोराचा हात भाजला असेल अशी तक्रार आहे. तू रागावशील हे ठाऊक होतं, आणि मास्तर वाचतील याची लाज वाटली, म्हणून लपवलं. पाय दाबत असते तुझे तर माफी मागून मोकळी झाले असते. पत्रात नुसतं लिहिता येतं.

त्या दिवशी काय झालं ते ऐक. बिरुक येऊन त्यांच्या मांडीला टेकला. त्या म्हणाल्या, ‘काय सुंदर डोळे आहेत! किती देखणा मुलगा आहे हो तुमचा!’ एवढी परकी बाई, फिकट निळे डोळे, एकदाही थुंकली नाही. मी लगेच म्हटलं, ‘हा? कुरूप आहे. कामाचा ना धामाचा, माझ्या डोक्यावर ओझं.’ तरी त्या हसून त्याच्याकडे पाहतच राहिल्या. मग मी ते म्हटलं, जे तू नेहमी म्हणायचीस: ‘एवढा आवडला तर घेऊन जा.’

त्यांनी ते लिहून घेतलं, आई. शब्द न् शब्द.

कागदावर असं होतं, की चौकशी संपेपर्यंत मूल दुसऱ्या घरी राहील. ‘ही सही ऐच्छिक आहे,’ त्या म्हणाल्या. मी सही केली. दुसऱ्या दिवशी फानोस त्याला घेऊन गेली. मला आठवड्यातून दोनदा, एक-एक तास भेटता येतं, फानोससमोर. पहिल्या भेटीत तो माझ्याजवळ आला नाही. सोफ्याच्या कडेला उभा राहून त्यानं विचारलं, ‘तू मला त्या बाईला दिलंस का?’

आता खातं कोर्टात गेलं आहे. त्यांना त्याला सहा महिने बाहेरच ठेवायचं आहे. सुनावणी १५ एप्रिलला.

एन्दाले परत आले ते भिंतीवर मूठ मारून रडले. मग कुणीतरी सांगितलं, अशा प्रकरणात वकील न परवडणाऱ्या आईबापाला कोर्ट वकील देतं. आम्हाला हेन्शॉ नावाच्या बाई मिळाल्या. पांढरे केस, पायांत धावायचे बूट. त्यांनी पहिलंच विचारलं, ‘ती दाराशी आली तेव्हा तुम्ही काय म्हणालात?’

‘या, बसा.’

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. ‘आणि मग?’

‘मग कॉफी केली.’

‘म्हणजे किती वेळ?’

‘दीड तास.’

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग समजावलं. कोर्टाचा हुकूम हातात नसेल आणि मूल त्या क्षणी धोक्यात नसेल, तर त्यांना घरात घेण्याची सक्ती नाही. दार ओढून घेऊन बाहेर पायरीवर उभं राहून बोलता येतं. तक्रार काय आहे ते पहिल्याच भेटीत विचारायचा हक्क आहे. ‘माझा वकील असेल तेव्हा बोलेन’ असं म्हणता येतं, त्यानं कुणी गुन्हेगार ठरत नाही. आपल्या भाषेतला दुभाषी मागता येतो. न समजलेल्या कागदावर सही करायची नाही.

‘पण सही ऐच्छिक आहे असं त्या म्हणाल्या होत्या,’ मी म्हटलं.

‘मग नकार का दिला नाहीत?’

‘पाहुण्यानं हक्कानं मागितलं तर भांडता येतं. मर्जीवर सोडलं की नाही कसं म्हणायचं?’

त्या म्हणाल्या, ‘नाही म्हटलं असतंत तर कदाचित त्या त्याच दिवशी कोर्टात गेल्या असत्या, हे खरं. पण मग न्यायाधीशासमोर कारण त्यांना द्यावं लागलं असतं. आता कारण तुमच्याच तोंडून निघालेलं आहे.’ आणि मला अहवाल वाचून दाखवला. ‘आई मुलाचा तिरस्कार करते. मुलाला घेऊन जाण्यास तिने स्वतः सांगितले. घरात दूध, अंडी नाहीत.’

डॉक्टरचा कागद त्यांनी मिळवला आहे. भाजल्यावर तासाभरात मी त्याला नेलं होतं, हे त्यात आहे. दूध त्या सकाळपर्यंत होतं त्याची पावतीही आहे. पण तिरस्काराला पावती नसते. त्या म्हणतात, ‘तुम्हाला उभं करतील आणि विचारतील, तुमचा मुलगा कसा आहे. तेव्हा तुम्ही नीट, मोठ्यानं, त्याच्याबद्दल चांगलं बोलायचं.’

आम्ही त्यांच्या ऑफिसात सराव केला. त्या विचारतात, ‘तुमचा मुलगा कसा आहे?’ आणि मी घामाघूम होते. काल कसंबसं म्हटलं, ‘ठीक आहे.’ त्या म्हणाल्या, ‘ठीक तर माझी गाडीही आहे.’

कशी बोलू? परक्यांनी भरलेल्या खोलीत? देसालेनचं तूच सांगितलंस ना. माझा थोरला भाऊ, तीन वर्षांचा. लग्नाच्या मांडवात तू म्हणालीस, ‘या दरीत माझ्या पोरासारखं पोर नाही,’ आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. दर वर्षी सांगितलंस. मी ते ऐकत वाढले. न बोलले तर पोर कोर्ट नेईल, आणि बोलले तर...

वकीलबाई म्हणतात, आजीचाही जबाब चालेल, अंगठ्यासकट. तूच लिहून पाठव ना, आई. तो कसा आहे ते सगळं तू लिही. तुझं वय झालं आहे, तुझ्या शब्दाला कुणाची नजर काय करणार? मला बोलायला लावू नका.

हिरुत


सिअॅटल
४ एप्रिल

हिरुत,

या पत्राला पाच दिवस लागले. मास्तर रोज येऊन कोरा कागद घेऊन परत गेले. चौथ्या दिवशी म्हणाले, ‘आजी, तुम्ही गप्प बसलात की मजल्यावरच्या लोकांना वाटतं कुणी वारलं.’

जबाब वेगळ्या पाकिटात पाठवला आहे. त्यात आपली रीत सांगितली आहे: परक्यासमोर पोराला चांगलं म्हणत नाहीत, ‘घेऊन जा’ हे आया लाडानं म्हणतात, मी स्वतः सहा पोरांबद्दल म्हटलं आणि एकही कुणी नेलं नाही. अंगठा दिला आहे. मास्तर आणि खालच्या मजल्यावरचा पाद्री, दोघांकडून वाचून घेतलं. ते एकमेकांशी बोलत नाहीत.

पण बिरुक कसा आहे ते मी लिहिलेलं नाही. लिहिणारही नाही. तो कसा आहे ते आईला विचारताहेत. आजीनं सांगितलं तर लोक म्हणतील, मग आई का गप्प?

आता देसालेनचं.

मास्तर, लिहा. थांबू नका.

पोरी, मी जे दर वर्षी सांगितलं ते तसं घडलं नाही. लग्नाच्या सकाळीच तो तापला होता. मांडीवर घेतला तेव्हा माझ्या पदरातून ऊब लागत होती. पण माझ्या भावाचं लग्न होतं, मी नवी शाल पांघरली होती, आणि मला पोर मिरवायचं होतं. म्हणून गेले. म्हणाले ते खरं, ‘या दरीत असं पोर नाही.’ पण ताप त्याच्या आधीचा.

संध्याकाळी अंगावर पुरळ आलं. तुझा बाप म्हणाला, खेचरावर बसव, देब्रे ताबोरच्या दवाखान्यात नेऊ. अर्ध्या दिवसाची वाट. मी म्हटलं, नजर लागली आहे, डॉक्टर काय करणार? मी धुरी दिली, झाडाची मुळी उगाळली, आणि कुणी पाहिलं, कुणी पाहिलं म्हणून माणसं आठवत बसले. मडकी घडवणाऱ्यांची नजर वाईट असं आपल्याकडे मानतात, आणि तशी एक बाई लग्नात पाणी प्यायला थांबली होती. मी म्हटलं, हिनंच. लोक तिच्या घरावर गेले. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी खेचर लागलंच नाही.

गोवर होता. त्या वर्षी खालच्या गावातली नऊ पोरं गेली, ज्यांना कुणी सुंदर म्हटलं नव्हतं अशी.

त्या बाईला पोराबाळांसकट गाव सोडावं लागलं. तिचं नाव मी आजवर घेतलं नाही, आजही मास्तरांना लिहू देत नाही. ते देवाला सांगेन.

मी नजरेचं सांगत राहिले, कारण नजरेला दोष दिला की मला द्यावा लागत नव्हता. आणि सांगता सांगता ते तुझ्या गळ्यात बांधलं, पुडीसारखं.

नजर नसते असं मी म्हणत नाही. मी म्हातारी आहे, एकदम इतकं कसं बदलू? पण देसालेनला माझ्या शब्दांनी नेलं नाही. मी उशीर केला, म्हणून तो गेला. तू उशीर केलेला नाहीस. तासाभरात नेलंस, कागद आहे.

तेव्हा उभी राहा आणि बोल. चुकून वाकडं झालं तर ते माझ्या नावावर, तुझ्या नाही.

आणि पुन्हा कुणी दाराशी आलं तर कोर्टाचा कागद विचार. कॉफी पायरीवर दे हवी तर. मी काही तू कंजूस व्हावंस असं म्हणत नाही.

आई

(मी, बेकुरे, माझ्या वतीने एक ओळ लिहितो. आजींना ती वाचून दाखवलेली नाही. हे पत्र सांगताना त्या एकदाही माझ्याकडे बघत नव्हत्या.)


ओहायो
१६ एप्रिल

आई,

आधी हे: बिरुक घरी आहे. शेजारच्या खोलीत झोपला आहे. उरलेलं सावकाश लिहिते.

तुझं पत्र आलं त्या रात्री मी एन्दालेंना वाचून दाखवलं नाही. अजून दाखवलेलं नाही. तुझ्यावर राग आला, खूप. मग रडले. मग पुन्हा राग आला. अजून दोन्ही आहे. भेटू तेव्हा बोलू.

कोर्टाची खोली लहान होती, मला वाटली होती त्यापेक्षा. कोर्टानं दुभाषी दिला होता, अदिस अबाबाचा शहरी माणूस, टाय लावलेला. मिसेस ड्रुरी समोर बसल्या होत्या. त्यांनी मला मान हलवून नमस्कार केला आणि मी सवयीनं अर्धी उठले. वकीलबाईंनी बाही धरून खाली बसवलं.

तुझा जबाब वाचला. सहा पोरांपैकी एकही कुणी नेलं नाही हे दुभाष्यानं सांगितलं तेव्हा न्यायाधीशबाईंचा ओठ हलला. पण हसल्या नाहीत.

खात्याच्या वकिलानं विचारलं, ‘तुम्ही मुलाला ओझं म्हणालात, हे खरं?’

‘खरं.’

‘घेऊन जा म्हणालात?’

‘म्हणाले.’

‘असं कुठली आई म्हणते?’

‘आमच्याकडची प्रत्येक,’ मी म्हटलं, आणि दुभाषी इंग्रजीत सांगायच्या आधीच मान डोलवत होता. वकीलबाईंनी नंतर मला सांगितलं, त्या मानेनं फार काम केलं.

मग न्यायाधीशबाईंनी वकिलाला थांबवलं आणि स्वतः विचारलं. ‘मॅडम, रीत मला कळली. आता ती बाजूला ठेवून सांगा. तुमचा मुलगा कसा आहे?’

दुभाष्याला वाटलं मला ऐकू आलं नाही, त्यानं प्रश्न पुन्हा सांगितला. एन्दालेंनी डोकं हातांत धरलं. माझ्या डोळ्यांपुढे लग्नाचा मांडव, आणि तुझी शाल. आणि मग ते खेचर, दावणीला बांधलेलं.

मी म्हटलं, ‘तो सुंदर आहे.’

आवाज माझा नव्हताच. पुढे मग थांबता येईना. म्हटलं, त्याचे डोळे सुंदर आहेत, या बाई म्हणाल्या ते बरोबर होतं. मी कांदा चिरते तेव्हा मला रडू येतंय समजून तो स्वतःच्या बाहीनं माझे डोळे पुसतो. पायऱ्या मोजताना सात गाळतो, कारण सात त्याला आवडत नाही. पडायच्या आधीच हसतो. माझ्या पोटावर पाय ठेवल्याशिवाय झोपत नाही, आणि गेले सहा आठवडे मला त्या पायाच्या वजनाशिवाय झोप लागलेली नाही. या शहरात त्याच्यासारखं पोर नाही.

तेवढं म्हणाले आणि खाली बसले.

न्यायाधीशबाईंनी डॉक्टरचा कागद पाहिला, मिसेस ड्रुरींना दोन प्रश्न विचारले, आणि सांगितलं की मुलाला घराबाहेर ठेवायला कारण दिसत नाही. आजच घरी जाईल. खात्याचे लोक आणखी दोनदा येतील, पण आधी कळवून, आणि मी म्हणेन तर वकीलबाईंसमोर. कोर्टाबाहेर मिसेस ड्रुरी माझ्याजवळ थांबल्या. म्हणाल्या, ‘तीन कप प्यायचे असतात, मला माहीत नव्हतं.’ माझ्याकडे त्यांना द्यायला त्या क्षणी काहीच नव्हतं.

हे इथं संपलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी बिरुक जेवला नाही. कपाळाला हात लावला. तापलेलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. बोललीस ना, म्हटलं स्वतःला, घे. धुरीचं सगळं सामान फडताळात होतं, तूच पाठवलेलं. मी ते बाहेरही काढलं. एन्दाले म्हणाले, ‘दवाखान्यात नको. तिथे पुन्हा लिहितील, आजच तर सुटलो, सकाळपर्यंत बघू.’ त्यांचंही खोटं नव्हतं. मलाही तेच वाटत होतं. तिथली नर्स, हातावरचा व्रण, ‘हे कशानं झालं?’, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं.

मी सामान परत ठेवलं आणि गाडीची किल्ली घेतली.

नर्सनं व्रण पाहिला. विचारलं. मी सांगितलं, कोर्टाचा कागद पर्समध्ये होता तोही दाखवला. तिनं वाचला, घडी घालून परत दिला. मग त्याची हनुवटी वर करून म्हणाली, ‘काय देखणा आहे हो हा!’

मी तोंड उघडलं. मिटलं.

‘हो,’ म्हटलं.

कानात पू झाला होता. गुलाबी औषध दिलं आहे, दहा दिवस, दिवसातून दोनदा. आज सकाळी ताप कमी आहे, पण पूर्ण गेलेला नाही. दर तासाला हात लावून बघते.

सोबत फोटो पाठवते. कोर्टातून घरी आल्यावर एन्दालेंनी काढला.

हिरुत


सिअॅटल
२३ एप्रिल

हिरुत,

मास्तरांनी पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा म्हटलं तर म्हणाले, ‘आजी, माझा घसा काही सरकारी नाही.’ मग त्यांनी ते पाचव्यांदा वाचलं.

तुझा राग माझ्याकडे ठेव, मी सांभाळते. तो खरा आहे, वाया जाऊ देऊ नकोस. उन्हाळ्यात गिर्मा मला घेऊन येईल. तेव्हा समोर बसून बोल. माझ्या उजव्या कानाशी बोल, डावा आता नुसता शोभेला आहे.

तुला एक सांगायचं आहे. काल चर्चनंतर मी तू पाठवलेला बिरुकचा फोटो बायकांना दाखवला. वर्कनेश तुला आठवते? बिनपगारी न्यायाधीश, सगळ्यांच्या सुनांचा निकाल देणारी. तिनं फोटो हातात घेतला आणि आपल्या रीतीनं, अगदी मनापासून, माझ्या भल्यासाठी म्हणाली, ‘अगं बाई, काय हे ध्यान! कान बघ, नाक बघ! देवानं घाईत केलेला दिसतोय.’

पन्नास वर्षं मी हेच ऐकत आले आणि हेच बोलत आले. अशा वेळी मान हलवून ‘हो ना’ म्हणायचं असतं. मला राग आला, हिरुत! कानशिलं तापली. मी तिच्या हातातून फोटो ओढून घेतला आणि म्हटलं, ‘चष्मा बदल, वर्कनेश. पोर देखणं आहे.’

एकीच्या हातातला कप तसाच राहिला. वर्कनेश म्हणाली, ‘आजींना बरं नाही वाटतं.’

‘मला उत्तम आहे,’ मी म्हटलं, ‘आणि पोर देखणं आहे,’ दुसऱ्यांदा.

आता मास्तर मान वर करून बघताहेत, कारण माझ्या कपातली कॉफी त्यांच्या कागदावर सांडते आहे. काल घरी आल्यापासून मी सहा वेळा गिर्माला म्हटलं, ओहायोला फोन लाव. त्यानं लावला. मला गिरणीच ऐकू येते.

म्हणून हे पत्र. बाकी काही लिहू नकोस. सुकन्या वगैरे काही नको, आठ ओळीही नकोत. त्याचा ताप गेला का, तेवढं लिही. पाकीट मोठं घेऊ नकोस, लहान लवकर पोचतं असं मास्तर म्हणतात.

आई